इंदूरच्या बिअर ग्रुपने परदेशातल्या फेस्टिव्हलशी संबंध कसे जोडायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधल्या काही बिअरप्रेमी मंडळींनी ग्रुप केलाय, शहरातल्या मायक्रोब्रूअरीवाल्यांना एकत्र आणून गेल्या हिवाळ्यात छोटा फेस्ट पण केला, आता त्यांना परदेशातले बिअर फेस्टिव्हल आणि तिथल्या ब्रूइंगची परंपरा जपणाऱ्या संस्था यांच्याशी टाय-अप करायचंय. म्युनिक, लंडन, ब्रसेल्स सगळीकडे ईमेल गेलेत, उत्तर एकाचंही नाही, तर काय करावं?

मी बरीच वर्षं या धंद्यात आहे, इंदूरातच टाक्या सांभाळते आणि बाहेरच्या फेस्टिव्हलांत टॅपमागे उभं राहून काम पण केलंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी म्युनिकचं. ऑक्टोबरफेस्ट म्युनिक शहर स्वतः भरवतं आणि तिथं फक्त म्युनिकच्याच सहा ब्रूअरीजची बिअर मिळते, जर्मनीतल्याच दुसऱ्या गावच्या ब्रूअरीला सुद्धा तिथं जागा नाही, मग इंदूरशी करार कोण कशाला करेल? तिथं तुमचा ईमेल वाचणारा माणूस पार्किंग, तंबू, पोलीस बंदोबस्त यातच बुडालेला असणार. ब्राझीलमधल्या ब्लुमेनाऊ गावाने १९८४ मध्ये आपला ऑक्टोबरफेस्ट सुरू केला, लागोपाठच्या पुरांनी गाव खचलं होतं, ते परत उभं राहावं म्हणून जर्मन वंशाच्या लोकांनी आपल्या आजोबा-पणजोबांकडची आठवण हाताशी धरली आणि आज तो जगातल्या मोठ्या बिअर उत्सवांत मोजतात. त्यासाठी त्यांना म्युनिकच्या शिक्क्याची गरज पडली नाही. तेव्हा मोठ्या नावांच्या मागे लागणं आधी सोडा.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे संबंध बाटल्यांनी आणि करारांनी होत नाहीत, माणसांच्या येण्याजाण्याने आणि एकत्र केलेल्या कामाने होतात, आणि त्यासाठी आपल्याकडे समोरच्याला हवंसं वाटेल असं काहीतरी असावं लागतं. आपल्याकडे ते आहे, त्यावर खाली येतेच.

जुनी उदाहरणं बघा म्हणजे पटेल. ब्रिटनमध्ये काम्रा नावाची ग्राहकांची संस्था १९७१ मध्ये उभी राहिली, पिंपातली जिवंत एल, म्हणजे पिंपातच आंबत राहणारी पारंपरिक बिअर, वाचवायला, आणि १९७७ पासून ते ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल भरवायला लागले. १९८१ मध्ये अमेरिकेतला चार्ली पपाझियन तिथं गेला, तो होमब्रूअर म्हणजे घरी बिअर करणाऱ्या मंडळींचा माणूस, सगळं डोळे भरून पाहिलं आणि पुढच्याच वर्षी, १९८२ ला, बोल्डर गावात ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल सुरू केला. एक माणूस जाऊन बघून आला आणि त्याच्यामागे घरी काम करायला तयार असलेली टीम होती, बास.

दुसरं उदाहरण युरोपियन बिअर कन्झ्युमर्स युनियनचं. १९९० मध्ये बेल्जियमच्या ब्रुजमध्ये तीन संस्था एकत्र आल्या, ब्रिटनची काम्रा, नेदरलँड्सची पिंट आणि बेल्जियमची ऑब्जेक्टिव्ह बिअरप्रूव्हर्स. यांना नुसतं बिअरचं प्रेम एकत्र आणत नव्हतं, तिघांच्या तक्रारी सारख्या होत्या. मोठ्या कंपन्या छोट्या ब्रूअरीज गिळत होत्या, लेबलवर काय लिहायचं याचे नियम ढिले होते, टॅक्सचा घोळ होता, आणि हे सगळं आता युरोपच्या सामाईक कारभारात ब्रसेल्सला ठरणार होतं, म्हणून एकट्याने ओरडण्यात अर्थ नव्हता. पुढे ती बेल्जियमची संस्था बंद झाली, तिच्या जागी झिथोस आली, पण युनियन टिकली कारण काम शिल्लक होतं. नुसत्या हौसेवर जोडलेले ग्रुप एक फोटो काढून विरघळतात, हे मी इथे पण पाहिलंय.

आता बिअर पाठवण्याबद्दल, कारण प्रत्येकाच्या डोक्यात पहिल्यांदा तेच येतं. होतं ते, अशक्य नाही. काम्राच्या त्या फेस्टिव्हलमध्ये परदेशी बिअरचा एक वेगळा बार असायचा, बिएर सॉं फ्रॉंतिएर नावाचा, बेल्जियम, जर्मनी, चेक, अमेरिका असा माल तिथं मिळायचा. बोस्टनला नेरॅक्स नावाचा पिंपातल्या एलचा फेस्टिव्हल आहे, १९९७ पासूनचा, ते लोक ब्रिटनमधून पिंपंच्या पिंपं मागवतात. पण त्यात काय काय येतं ते ऐका. साधारण ४१ लिटरचं पिंप, आत जिवंत यीस्ट, प्रवासात गाळ ढवळला गेलेला, मग ते आडवं मांडून एक-दोन दिवस हलवायचं नाही, वरच्या भोकात लाकडी खुंटी ठोकून गॅस सुटू द्यायचा, ११ ते १३ डिग्रीवर ठेवायचं, आणि एकदा तोटी लावली की तीनेक दिवसांत संपवायचं नाहीतर आंबट. हे सगळं करू शकणारी अनुभवी माणसं त्यांच्याकडे आहेत, ती तयार व्हायला वर्षं गेलीत. आपल्याकडे आधी कस्टम, मग राज्याची आबकारी, मग लेबलची मंजुरी, आणि एवढं करून ती बिअर ४२ डिग्रीत कुठल्यातरी गोदामात पडून राहणार. पोस्टाने तर दारू पाठवताच येत नाही. कुणी विमानाने येताना आणलीच तर ड्यूटी-फ्री हद्द दोन लिटरची, त्यात फेस्टिव्हल होत नाही, फार तर चार जणांत टेस्टिंग होतं.

आणि समजा केग, म्हणजे दाबावरचं बंद पिंप, आलंच तर त्याच्या तोंडाला आपलं कपलर, म्हणजे नळी जोडायचा भाग, बसायला हवं ना. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. केगच्या डोक्यावर जो व्हॉल्व्ह असतो तो देशागणिक वेगळा, अमेरिकेत बहुतेक डी टाइप, युरोपात बऱ्याच ठिकाणी एस, जर्मनीत ए पण भरपूर चालतो, आणि प्लास्टिकचे एकदा वापरून टाकायचे की-केग, त्यांचं कपलर आणखी वेगळं. माझ्या ओळखीच्या एका आयोजकाकडे शनिवारी संध्याकाळी माणसं ग्लास घेऊन रांगेत आणि केग भरलेलं पण उघडता येईना असं झालंय, त्या वेळी सियागंज बाजारात धावून काय मिळणार? सहा महिने आधी समोरच्याला सरळ विचारायचं, केग कोणतं, कपलर कोणतं, फोटो पाठवा. असल्या साध्या प्रश्नावरून समोरच्याला कळतं की ही मंडळी सीरियस आहेत.

मग करायचं काय? सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी वापरलेली गोष्ट म्हणजे व्हॉलंटियर म्हणून जाणं. काम्राचे फेस्टिव्हल बिनपगारी लोकांवर चालतात, मोठा असो की गावातल्या हॉलमधला. तुमच्या ग्रुपमधला एखादा नोकरीनिमित्त किंवा शिकायला तिकडे असेलच, इंदूरच्या कुठल्या मराठी घरातलं कुणी परदेशात नाही सांगा? त्याला म्हणावं दोन दिवस जाऊन ग्लास धू, पिंपं उचल, पाइंटचा तिसरा भाग कसा मोजतात ते बघ, ग्लासचं डिपॉझिट परत कसं देतात ते बघ. छोट्या गावच्या फेस्टिव्हलला जा, तिथं संध्याकाळी आवरताना सगळे एकत्र बसतात, आणि खरी ओळख तिथं होते. आपल्या बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांचं जसं आहे तसंच हे, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याची मंडळं पत्रव्यवहारावर जोडलेली नाहीत, कुणीतरी कुणाकडे राहायला जातं, संमेलनात वाढपी म्हणून राबतं, तिथून पुढे सगळं चालतं.

दुसरी गोष्ट जजिंग. बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम) नावाचा एक जजांचा कार्यक्रम १९८५ पासून अमेरिकेत सुरू झालाय आणि आता जगभर चालतो. आधी ऑनलाइन परीक्षा, मग सहा बिअर चाखून लेखी स्कोअरशीट भरायच्या. एका बिअरला ५० मार्क, वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण छापेला १०. तुमच्या ग्रुपमधल्या तीन-चार जणांनी जरी हे केलं तरी फायदा मोठा, कारण मग इंदूरची एखादी व्हीट बिअर कशी आहे हे तुम्ही ओस्लो किंवा केपटाउनच्या माणसाला असं लिहू शकता की त्याला नेमकं कळतं. 'मस्त आहे, स्मूथ आहे' याने काही कळत नाही. जज झालात की बाहेरच्या स्पर्धांची दारं पण उघडतात, जजांची चणचण सगळीकडेच असते.

तिसरी गोष्ट खुली रेसिपी. हे मला फार आवडतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात कॅम्प फायरची भयानक आग लागली तेव्हा सिएरा नेवाडा ब्रूअरीने रेझिलियन्स नावाच्या आयपीएची (कडवट एलची) रेसिपी सगळ्यांना देऊन टाकली, हजाराहून जास्त ब्रूअरीजनी तीच बिअर आपापल्या गावात काढली आणि त्यातून आलेले पैसे मदतीला दिले. ८ मार्चच्या आसपास जगभरच्या ब्रूअर बायका अशीच एकत्र ब्रू करतात, प्रत्येक जण आपल्या शहरात. यात एक थेंबही कस्टममधून जात नाही! रेसिपी जाते, ब्रूच्या दिवशी व्हिडिओ कॉल होतो, दोन्हीकडच्या बिअरचे रिपोर्ट एकमेकांना जातात. तुमच्यासारख्या ग्रुपने पहिलं पाऊल हेच टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त ब्रू करायचं ते लायसन्स असलेल्या मायक्रोब्रूअरीतच, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने होमब्रूइंग मोकळं झालं तसं आपल्याकडे नाहीये, घरच्या गच्चीवर बादलीत बिअर घालून त्याचे फोटो टाकाल तर आबकारीवाले येतील आणि त्यांचं चूकही नसेल.

आता मुख्य मुद्दा, आपण द्यायचं काय. परदेशातल्या लोकांना इंदूरची जर्मन स्टाइल लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) चाखायची उत्सुकता का असावी? त्यांच्याकडे ती आहेच, चांगली आहे. त्यांना आपल्याकडचं आपलं हवंय.

एक म्हणजे ऊन. गंमत बघा, आपल्या उन्हाचं उत्तर नॉर्वेत सापडतं. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं यीस्ट आहे, क्वाइक म्हणतात, वाळवून ठेवायचं आणि दरवेळी पुढच्या बिअरला तेच वापरायचं. हे यीस्ट ३५ ते ४० डिग्रीला काम करतं आणि तरी चव बिघडत नाही, जिथं नेहमीचं एल यीस्ट २० च्या आसपास ठेवायला आपण चिलरवर वीज जाळत असतो. लार्स मारियस गार्शोल नावाच्या माणसाने गावोगाव फिरून, शेतकऱ्यांकडे बसून याची नोंद केली म्हणून जगाला हे कळलं, आणि २०१६ पासून हॉर्निनडालला या घरगुती बिअरचा एक फेस्टिव्हल पण भरतो. आता त्या मंडळींना तुम्ही लिहिलंत की इंदूरच्या मे महिन्यात, चिलर बंद ठेवून, नर्मदेच्या पाण्यावर तुमच्या यीस्टने अशी अशी बिअर दिली, हे रोजचं टेम्परेचर, ही ग्रॅव्हिटी (साखर किती आहे त्याचं माप), ही स्कोअरशीट, तर उत्तर येणार नाही असं होणारच नाही. हा डेटा त्यांच्याकडे नाहीये, त्यांच्याकडे असलं ऊनच नाही. मात्र जिवंत यीस्ट पाकिटात घालून गुपचूप मागवू नका, त्याला परवानग्या आहेत. क्वाइकचं कोरडं कमर्शियल यीस्ट बाजारात मिळतं, रीतसर तेच घ्या.

दुसरी म्हणजे ज्वारी. माळव्यात आता सोयाबीन आणि गहू दिसतो पण ज्वारी आपल्या जिभेला नवी नाही. आफ्रिकेत ज्वारीची बिअर ही फार जुनी गोष्ट आहे, दक्षिण आफ्रिकेत उमकोंबोथी मका आणि ज्वारीची करतात आणि ती बायकांच्या हातची परंपरा आहे. नायजेरियाने तर १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या दाण्याची) आयात बंद केली आणि मोठ्या मोठ्या ब्रूअरीजना ज्वारी-मक्यावर लागर काढायला शिकावं लागलं. म्हणजे ज्वारीचं ज्ञान हवं तर म्युनिककडे नाही, तिकडे बघायला हवं.

आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेतली एक ब्रूअर काही दिवस आली होती तेव्हाचं सांगते. आम्ही ज्वारीला मोड आणून वाळवली होती, ती तिने हातात घेतली, वास घेतला आणि पहिल्यांदा गोणपाटावर पसरून तळव्यांनी चोळायला लागली, मोड आणि मुळं सगळी झडेपर्यंत. ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारा घटक असतो, ते काढलेच पाहिजेत, हे पुस्तकात मीही वाचलेलं, पण किती चोळायचं, दाणा हाताला कसा लागला की थांबायचं हे तिच्या तळव्यांना माहीत होतं. मग मॅशिंग, म्हणजे माल्ट गरम पाण्यात ठेवून एन्झाइमकडून स्टार्चची साखर करून घेणं. बार्लीचा स्टार्च ६०-६५ डिग्रीला मऊ पडतो आणि त्याच टेम्परेचरला एन्झाइम पण जिवंत असतात म्हणून काम एका टाकीत होतं. ज्वारीचा स्टार्च ७० च्या आसपास आणि त्याच्याही वर जाऊन सुटतो आणि तोवर कामाचं एन्झाइम मरून जातं. तिने काय केलं, माल्ट आधी कोमट पाण्यात भिजवला, तासाभराने वरचं निवळ पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात काढून ठेवलं, एन्झाइम त्या पाण्यात उतरलेलं असतं, मग खालचा लगदा चांगला शिजवला, आपण आंबील शिजवतो तसा घट्ट होईपर्यंत, थंड करून ६० च्या घरात आणला आणि ते काढून ठेवलेलं पाणी परत ओतलं. बघता बघता घट्ट लापशी पातळ व्हायला लागली, आमचा टाकी धुणारा मुलगा पण येऊन बघत उभा राहिला. ती परत गेली पण संबंध आजही चालू आहे, कारण तिला आमच्याकडचे वेगवेगळ्या ज्वारीचे निकाल हवे असतात आणि आम्हाला तिचं मत. कागदावर काहीही सही झालेली नाही.

तिसरं मोहाचं, इथे मात्र पाय जपून टाका. इंदूरपासून अलीराजपूर-झाबुआ लांब नाही, आणि परदेशी पाहुणा आला की कुणालाही वाटतं चला त्याला भिल्ल पाड्यावर नेऊन मोहाची आणि ताडी दाखवू. एक तर मोहाची दारू ही गाळलेली दारू आहे, बिअर नाही, तिला बिअर म्हणून मिरवू नका. मध्य प्रदेश सरकारने हेरिटेज मदिरा म्हणून तिला लायसन्स दिलंय आणि अलीराजपूर, डिंडोरीत आदिवासींचे बचत गट ती काढतात, तर त्यांच्याशी बोला, त्यांना पाहुणचाराचे पैसे द्या, ते बोलावतील तेव्हाच जा. घरगुती वापरासाठी आदिवासींना जी सूट आहे ती त्यांच्या घरापुरती आहे, आपल्या फेस्टपुरती नाही. आणि रेसिपी त्यांची असेल तर नाव त्यांचं लागलं पाहिजे, परदेशातल्या कार्यक्रमात जायची वेळ आली तर तिकीट पण आधी त्यांच्यातल्या कुणाचं निघालं पाहिजे. माझ्यासाठी ही अट आहे, सूचना नाही.

आणि हो, परदेशाआधी ईशान्येकडे बघा! नागालँडमध्ये १९८९ पासून दारूबंदी आहे, तरी डिसेंबरच्या १ ते १० तारखेला हॉर्नबिल फेस्टिव्हलमध्ये किसामाला तांदळाची बिअर परंपरा म्हणून मिळते. आसामच्या दिमासा लोकांच्या जुदिमाला, म्हणजे त्यांच्या तांदळाच्या बिअरला, २०२१ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक ओळखीचा दाखला) मिळाला. तांदळाच्या पिठात वनस्पती घालून वाळवलेल्या वड्या, मणिपुरात हमेई, सिक्कीमकडे मार्चा, झारखंडात रानू, हे आपलं आंबवायचं विरजण. नॉर्वेच्या क्वाइकवाल्यांना यात जेवढा रस आहे तेवढा तुमच्या क्राफ्ट बिअर ब्रँडमध्ये कधीच नसेल. तुम्ही नुसता मधला दुवा झालात, दोन्हीकडच्या माणसांची गाठ घालून दिलीत, तरी ते मोठं काम आहे.

बडोद्याच्या काही मित्रांनी पण विचारलंय की आमच्याकडे तर बंदी, आम्ही काय करणार. भरपूर करू शकता. बेल्जियमची बिअर संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती ज्ञान, शिकवण, सण, समाज या सगळ्यासकट गेली, नुसतं पेय म्हणून नाही. सयाजीराव विद्यापीठात मायक्रोबायोलॉजीचा विभाग आहे, आंबवण्यावर व्याख्यानं ठेवा, यीस्टवर काम करणाऱ्या परदेशी अभ्यासकाला ऑनलाइन बोलवा. गुजरातेत बसून एक घोटही न पिता हे सगळं रीतसर होतं.

कायद्याचं भराभर सांगते. फेस्टला प्रासंगिक, म्हणजे त्या कार्यक्रमापुरतं, लायसन्स लागतं, आबकारीत लवकर जा, शेवटच्या आठवड्यात नाही. मध्य प्रदेशात २१ च्या खाली कुणाला देता येत नाही, दारात ओळखपत्र बघायला माणूस बसवा. परदेशी ब्रूअर इथे काम करणार असेल तर टुरिस्ट व्हिसावर नको, बिझनेस व्हिसा करायला सांगा. पाहुण्यांना महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन दाखवायचा मोह होणारच, जरूर दाखवा, पण १ एप्रिल २०२५ पासून या गावांत दारूची दुकानं, बार बंद आहेत, तेव्हा तिकडचा कार्यक्रम पूर्ण कोरडा ठेवा आणि पाहुण्यांना हे आधीच सांगा.

राहिला तो ईमेल. 'आम्हाला आपल्याशी जोडून घ्यायला आवडेल' असं कुणालाही लिहू नका, त्याला उत्तर देणार तरी काय? एकच माणूस निवडा, शक्यतो छोट्या फेस्टिव्हलचा किंवा छोट्या संस्थेचा, त्याने लिहिलेलं काही आधी वाचा, आणि दहा ओळींत लिहा की आम्ही हे हे ब्रू केलं, निकाल सोबत जोडलाय, तुम्हाला हा एक प्रश्न आहे. उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतील असाच प्रश्न विचारा. त्यांचा फेस्टिव्हल व्हायच्या आधीच्या दोन महिन्यांत कुणाला छळू नका, संपल्यावर महिन्याभराने लिहा, तेव्हा माणसं निवांत असतात. तुमच्याकडून पण लिहिणारा एकच माणूस ठेवा, आज एक उद्या दुसरा असं झालं की समोरचा कंटाळतो, फक्त सगळा पत्रव्यवहार ग्रुपच्या खात्यातून करा म्हणजे तो माणूस पुण्याला बदली होऊन गेला तरी धागा हातात राहतो.

पैशाचं पहिल्याच कॉलवर मोकळेपणाने बोला. सगळ्यात कमी कटकटीचा हिशोब म्हणजे येणाऱ्याने तिकीट स्वतः काढायचं आणि राहणं-जेवणं यजमानाकडे, घरी, हॉटेलात नाही. आपला माणूस तिकडे जाईल तेव्हा तेच उलट. स्पॉन्सर मिळाला तर उत्तम, पण दारूच्या जाहिरातीवर बंधनं आहेत, म्हणून बॅनर छापायच्या आधी मजकूर आबकारीवाल्यांना आणि एखाद्या वकिलाला दाखवून घ्या. तुमची ज्वारी आत्ता कोणाकडून येते, देशी वाण मिळतंय का, तेवढं मला कळवा, आमच्याकडचे मॅशचे आकडे मी देते, पहिल्या पत्राला जोडायला उपयोगी पडतील.